जुन्या आगबोटीवरील दोन रात्री



मी वऱ्हाडचा माणूस. आमच्याकडे पाणी म्हटले म्हणजे विहिरीचे, आणि पुष्कळ पाणी म्हटले म्हणजे पूर्णेच्या पुराचे. समुद्र आम्ही पाहतो तो शाळेच्या नकाशावर निळ्या रंगात, किंवा कामानिमित्त मुंबईस जाणे झालेच तर गिरगावच्या चौपाटीवर, भेळेचा पुडा हातात धरून. अमरावती जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मी उणीपुरी पस्तीस वर्षे इतर विषयांबरोबर भूगोलही शिकविला. उपसागर, सामुद्रधुनी, भरती-ओहोटी हे शब्द फळ्यावर लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. परंतु एकदा चौथीतील एका पोराने उभे राहून विचारले, "गुरुजी, तुम्ही बोटीत बसले काय?" तेव्हा मात्र मी अडखळलो. बसलो नव्हतो. पुढे सेवानिवृत्त झालो तरी तो प्रश्न माझ्या मागे लागलेला होताच.

वऱ्हाडी माणूस समुद्रास अनोळखी असेल. वऱ्हाडी कापूस तसा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे लक्ष वळले. पुढे १८७० साली जळंबहून खामगावास आणि १८७१ साली बडनेऱ्याहून अमरावतीस लोहमार्गाचे फाटे आले, ते माणसांच्या सोयीपेक्षा कापसाच्या सोयीसाठी अधिक. या गाठी मुंबईच्या धक्क्यावर बोटीत चढत आणि थेट लिव्हरपुलास उतरत. आमचे वडील थट्टेने म्हणत, "आपल्या शेतातला कापूस समुद्र ओलांडून गेला, पण आपले आजोबा बडनेऱ्यापलीकडे गेले नाहीत." मीही त्याच आजोबांचा पणतू!

आमच्या घरात मात्र समुद्राचे नाव काढण्यास आणखी एक अडचण होती, आणि ती थट्टेची नव्हती.

माझ्या पत्नीचे बालपण अकोल्यास गेले. तिचे वडील टपालखात्यात होते व बदलीने तेथे येऊन स्थायिक झाले. परंतु त्यांचे मूळ घर कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, रेवस बंदराजवळच्या एका खेड्यात. तिचे आजोबा मुंबईस गिरणीत कामास होते. १९४७ सालच्या जुलै महिन्याची १७ तारीख, गुरुवार. आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, म्हणून पुष्कळ कोकणी मंडळी घरी जावयास निघाली होती, त्यांत तेही होते. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' नावाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. बोट १९३६ साली बांधलेली, लांबी १७९ फूट. पावसाळी हवा, समुद्र खवळलेला. बंदर सोडून अर्धा तास उलटतो न उलटतो तोच काशाच्या खडकाजवळ लाटांनी तीस एका अंगास कलते केले. घाबरलेले उतारू या बाजूकडून त्या बाजूकडे धावले, आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. काही पोहत काठास लागली, काहींना मासळीच्या होड्यांतून येणाऱ्या कोळ्यांनी उचलून घेतले. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबई शहरास ही वार्ता कळली ती सायंकाळी.

१९८६ साली आमचे लग्न झाले. त्यानंतर प्रथमच त्या घरी गेलो तेव्हा तिची आजी हयात होती. मुंबईहून लाँचने गेल्यास रेवस दीड तासाच्या आत. परंतु आम्ही पनवेल, पेण, अलिबाग असा अर्ध्या दिवसाचा वळसा घालून गेलो. कारण आजीने नियमच घातला होता, की या घरातील माणूस बोटीत पाऊल ठेवणार नाही. (नव्या पिढीने तो कधीच मोडला असावा, पण थोरांना ते कोणी सांगत नाही.) मी नवा जावई, भूगोलाचा मास्तर. मला मनातून हसू आले. मग रात्री म्हातारी ओसरीवर बसली असता मीच धीर करून त्या दिवसाची गोष्ट काढली. ती म्हणाली, "बुडाले, ते नशीब होतं. पण सकाळी बोट गेली, आणि मी दुपारी पान वाढून वाट बघत बसले. संध्याकाळी दिवे लावले. तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. साऱ्या जगात कुणालाच!" त्यानंतर मला हसू आले नाही.

असो. २०२३ सालच्या हिवाळ्याच्या आरंभी पुण्याच्या आमच्या थोरल्या मुलीचा दूरध्वनी आला. मुंबईहून गोव्यास जाऊन परत मुंबईस येणारी, दोन रात्रींची जलसफर आहे. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली खोली घेतल्यास दोघांचे भाडे आमच्या दीड महिन्याच्या निवृत्तिवेतनात बसते. "बाबा, तुम्हाला जायचंच होतं ना?" मजकडून होकार तात्काळ निघाला. घरातून मात्र आठ दिवस काहीच उत्तर आले नाही. मीही विषय काढला नाही. नवव्या दिवशी तिन्हीसांजेस देवापुढे वात लावता लावता ती म्हणाली, "जाऊ या आपण. पण अहो, त्यांना विचारून घ्या. बोटीवर बिनतारी आहे ना म्हणून."

त्या बोटीचे नाव 'एम्प्रेस'. ती नवी नव्हे. १९९० साली फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील सँ-नाझेर येथील कारखान्यात ती बांधली गेली, म्हणजे आमच्या थोरलीच्या बरोबरीची. तेव्हा तिचे नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होते. पुढे मालक बदलले, झेंडे बदलले, नावातही थोडाथोडा फेर पडत गेला, परंतु 'एम्प्रेस' हा शब्द तेवढा टिकून राहिला. जन्मापासूनच ती आखूड सफरींसाठी योजलेली. अमेरिकेतील मायामी बंदरातून बहामा बेटांकडे तीन-चार रात्रींच्या फेऱ्या कराव्यात, याच हेतूने तिचा आराखडा झाला होता. म्हणजे अटलांटिक ओलांडून थकलेली राणी आता पोटासाठी आमच्या किनाऱ्यावर येरझारा घालीत आहे, असे समजून कीव करण्याचे कारण नव्हते. मुळातच ती या व्यवसायासाठी घडविलेली!

ही हकीकत मी मालटेकडीवर सायंकाळी जमणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींस सांगितली आणि आमची चेष्टा सुरू झाली. "तेहतीस वर्षांची बोट? म्हणूनच स्वस्त!" "गुरुजी, पोहता येतं काय?" असे एकेक बाण येऊ लागले. आमच्यात एक गृहस्थ एस. टी. च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आहेत. ते आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "गाडीचं साल काय पायता गुरुजी, तिची तपासणीची वही पाहा." मला हे वाक्य पटले आणि मी मास्तरकीच्या सवयीने शोधास लागलो. जे हाती आले ते थोडक्यात सांगतो.

'टायटॅनिक' बुडाली ती १९१२ साली, तिच्या पहिल्याच प्रवासात. तिचा रंगही पुरता वाळला नसेल. कच्छ-मांडवीहून मुंबईस येता येता १८८८ च्या नोव्हेंबरात 'वैतरणा' नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळे लोक तीस 'विजळी' म्हणत. ती होती १८८५ सालची, म्हणजे केवळ तीन वर्षांची. आमच्या कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी १९२७ च्या ११ नोव्हेंबरास एकाच दिवशी गेल्या. 'रामदास' अकरा वर्षांची होती. इटलीच्या किनाऱ्याजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी खडकावर आदळून कलंडलेली 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' २००६ साली सेवेत आली होती. त्या अपघातात ३२ माणसे गेली. यावरून नव्या बोटीच बुडतात असे प्रमेय कोणी मांडू नये. एवढेच म्हणावयाचे, की यांपैकी एकही बोट म्हातारपणाने बुडालेली नाही. कोठे वेग नडला, कोठे वादळ, कोठे कप्तानाचा अविचार.

बोट म्हातारी झाली म्हणजे तीस कोणी वाऱ्यावर सोडून देत नाही. दर पाच वर्षांनी तिची मोठी तपासणी होते. सुक्या गोदीत घेऊन, पाण्याखालचे अंग उघडे करून ती पाहतात. जसजसे वय वाढेल तसतशी पत्र्यांची जाडी अधिकाधिक ठिकाणी मोजतात, तीही ध्वनिलहरींच्या योगाने, पत्रा न कापता. उतारूंच्या बोटींस तर दरवर्षी सुरक्षिततेचा दाखला नव्याने मिळवावा लागतो. आणि जी बोट पोसणे परवडत नाही ती भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर जाते, तेथे तिचे लोखंड होते. 'एम्प्रेस'च्याच वयाची, १९९० सालची, इटलीत बांधलेली एक बोट 'कर्णिका' हे नाव धारण करून २०१९ साली मुंबईहून अशाच सफरी करू लागली होती. पुढच्याच वर्षी करोनाची साथ आली, उत्पन्न थांबले, आणि २०२० च्या नोव्हेंबरात 'कर्णिका' अलंगच्या वाळूवर चढली. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघी; एक मोडली गेली, एक राहिली. यात पत्र्याच्या जाडीचा भाग किती आणि हिशेबाच्या वहीचा किती, हे सुज्ञांनी ठरवावे.

भाडे स्वस्त का, याचेही उत्तर पुष्कळसे त्या हिशेबातच आहे. नव्या बोटीवर बांधणीच्या कर्जाचा डोंगर असतो, जुन्या बोटीचा तो कधीच फिटलेला असतो. शिवाय जुन्या बोटीतील खोल्या लहान आणि सज्जे थोडे. आजच्या हौशी प्रवाशास खोलीगणिक सज्जा हवा असतो. आम्हा उभयतांचा संसार बदलीच्या गावी दोन खोल्यांत झालेला. खोली लहान म्हणून आमचे काय अडणार!

डिसेंबरात आम्ही रात्रीच्या गाडीने अमरावती सोडली. सकाळी मुंबई, आणि दुपारी बॅलार्ड पिअर. धक्क्यावर उभे राहून वर पाहिले तेव्हा मजसारख्या मास्तरासही आकडे विसरावे लागले. तरी आपणांस सांगतो. 'एम्प्रेस'ची लांबी सुमारे ६९० फूट, आकार सुमारे ४८,५०० टन. 'रामदास' ४०६ टनांची होती, म्हणजे ही तिच्या सुमारे १२० पट. हे टन म्हणजे वजनाचे नव्हेत. पूर्वीच्या मापाने १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे बोटीचा एक टन धरीत. हल्ली सूत्र बदलले आहे, पण मोजतात ती बोटीच्या पोटातील जागाच. विद्यार्थ्यांकडून ही चूक हमखास होते, म्हणून सांगून ठेवले.

सामान तपासून, कागदपत्रे दाखवून आम्ही आत गेलो. आतला थाट मी वर्णन करीत नाही. काचेच्या उद्वाहकांत बसून मंडळी वरखाली करीत होती, कोठे गाणे, कोठे नाच, कोठे जुगाराचे दालन. ते आम्ही दारातून पाहिले आणि मागे फिरलो. वयपरत्वे असेल, पण मला मौज वाटली ती कठड्यांची. त्या लोखंडी कठड्यांवर रंगाचे इतके थर चढलेले होते, की कोपरे गोल झाले होते. आमच्या शाळेच्या खिडक्यांचे गज असेच दिसत. दर दिवाळीच्या सुटीत एक हात, असे तीस-पस्तीस वर्षे दिले म्हणजे लोखंडास तो गुबगुबीतपणा येतो. ज्याने हे रंग दिले त्याने वस्तू टाकलेली नाही, एवढे त्यावरून मला कळते.

बोट सुटण्यापूर्वी सर्व उतारूंची कवाईत होते. सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजला, की ठरल्या जागी जमावयाचे आणि तरंगते जाकीट कसे घालावे ते पाहून घ्यावयाचे. पूर्वी ही कवाईत बोट सुटल्यावर चोवीस तासांत केली तरी चालत असे. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'च्या अपघातानंतर नियम बदलला. आता बोट हलण्याच्या आधी किंवा हलताच ती व्हावीच लागते. आमच्या भोवतीची तरुण मंडळी हसतखिदळत होती, छायाचित्रे घेत होती. माझ्या पत्नीने मात्र जाकिटाचे बंद तीनदा बांधले आणि तीनदा सोडले. मग वर टांगलेल्या नावा बोटाने मोजू लागली.

आमच्या जागेवर नेमलेला अधिकारी तरुण, चेहऱ्यावरून आपल्याकडचाच. कवाईत आटोपल्यावर ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाळ, तू मराठी का रे?"

"हो काकू. रत्नागिरीकडचा."

"मग मला एक सांग. ही बोट बुडाली तर कुणाला कळेल का?"

मी चपापलो. आजूबाजूची दोन-चार डोकी वळली. बोट सुटावयाच्या आधी असला प्रश्न! परंतु त्या मुलाने हसण्यावारी नेले नाही. क्षणभर तिच्याकडे पाहून त्याने विचारले, "काकू, तुमच्या घरचं कुणी 'रामदास'वर होतं का?"

कोकणातल्या मुलास सांगावे लागत नाही. तिने मान हलविली. "आजोबा."

त्याने आपले काम एका सहकाऱ्याकडे सोपविले आणि दहा मिनिटे तो तिच्याशी बोलत उभा राहिला. तो जे बोलला ते मी त्या रात्री वहीत टिपून ठेवले. बिनतारी यंत्र तर आहेच, तेही एक नव्हे. १९९९ च्या फेब्रुवारीपासून सर्व मोठ्या बोटींस संकटसंदेशाची एक जागतिक योजना बंधनकारक झाली आहे. एक कळ दाबली, की बोटीचे नाव आणि ठिकाण आपोआप किनाऱ्यास व आसपासच्या बोटींस कळते. "पण कळ दाबायलाही कुणी उरलं नाही तर?" तिने विचारले. त्यावर त्याने सांगितले, की उघड्या जागी एक लहानसे यंत्र बसविलेले असते. बोट बुडू लागली आणि ते तीन-चार मीटर पाण्याखाली गेले, की पाण्याच्या दाबाने त्याची कडी आपोआप सुटते. ते एकटेच वर येऊन तरंगू लागते आणि आकाशातील उपग्रहास हाक मारीत राहते. त्यास माणसाची गरज लागत नाही.

"आपोआप?" तिने पुन्हा विचारले.

"आपोआप, काकू."

"आणि नावा? सगळ्यांना पुरतील?"

"पुरून उरतील." हे त्याचे म्हणणे खरे आहे. 'टायटॅनिक'वर सुमारे २,२०० माणसे होती आणि नावांत जागा ११७८ जणांची. त्यानंतर १९१४ साली लंडनला राष्ट्रांची परिषद भरून पहिला करार झाला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजवर चालत आल्या आहेत, आणि प्रत्येक माणसास जागा हा त्यांचा पायाच आहे.

मी मात्र दुसऱ्याच विचारात होतो. म्हातारी त्या ओसरीवर बसून जे बोलली होती, त्याला या ओळखदेखही नसलेल्या मुलाने उत्तर दिले होते.

तिन्हीसांजेस बोट सुटली. सुटली हे कळलेही नाही. धक्का हळूहळू दूर सरकू लागला तेव्हा आपणच चाललो आहोत हे ध्यानात आले. मुंबईचे दिवे मागे गेले. आम्ही कठड्याशी उभे होतो. खांदेरीचा दीप लुकलुकताना दिसला आणि तिने तो ओळखला. लहानपणी सुटीत किहीमच्या किनाऱ्यावरून तिने तो पाहिलेला होता. "इकडून वेगळा दिसतो," एवढेच ती म्हणाली.

तिच्या पिशवीत एक नारळ होता. अमरावतीहून निघतानाच तिने तो हळद-कुंकू लावून रुमालात बांधून घेतला होता, मला न सांगता. आता तिने तो बाहेर काढला. तेवढ्यात मघाचा तो अधिकारी फेरीवर आला आणि ओशाळून म्हणाला, "काकू, समुद्रात काहीच टाकता येत नाही. नारळसुद्धा नाही." समुद्र मलिन होऊ नये म्हणून १९७३ साली राष्ट्राराष्ट्रांत करार झाला, त्याखाली हे नियम आले आहेत. मी वाद घालण्याच्या तयारीत होतो, कारण नारळाने समुद्र मलिन होतो हे मला आजही पटलेले नाही. तिने मात्र काही न बोलता नारळ पुन्हा रुमालात बांधला. "नियम असू दे," ती म्हणाली. "नियम असतात तेच बरं."

आमची खोली इतकी अंधारी होती की दिवस उजाडला हे घड्याळाने सांगावे. रात्री मला झोप आली नाही. कोकणातील जुने लोक 'बोट लागणे' म्हणतात तो प्रकार होईल, या धास्तीने मी लिंबू उशाशी घेऊन पडलो होतो. परंतु अशा मोठ्या बोटींस पोटाच्या दोन्ही बाजूंनी, माशाच्या परांसारखे पंख पाण्यात काढता येतात. त्यांनी डोलणे पुष्कळ कमी होते. आणि डिसेंबरचा समुद्र मुळातच शांत. बैलगाडी मऊ रस्त्यावर चालावी तसे काहीसे वाटत होते, एवढेच. जी मंडळी पूर्वी कोकणच्या बोटींनी जात, डेकवर पथारी टाकून, ट्रंका आणि कोंबड्या यांच्या मध्ये पाय मुडपून. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत. भर समुद्रात बोटीतून पडावात उतरत, त्यांनी हे ऐकले तर ती मजकडे पाहून हसतील. ती वाहतूक कधीच थांबली. १९९८ साली कोकण रेल्वे सर्व मार्गाने धावू लागली आणि तिची आठवण तेवढी उरली. पहाटे पाहतो तो पत्नी गाढ झोपेत. इतकी वर्षे जिच्या घरात बोटीचे नाव निघाले नव्हते ती भर समुद्रात घोरत होती, आणि भूगोलाचा मास्तर लिंबू हुंगत जागा होता.

गोव्याविषयी फारसे सांगत नाही. बोट बंदरास लागली, थोडे तास मिळाले. मंगेशीचे दर्शन घेऊन आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी परत फिरलो, कारण बोट कोणासाठी थांबत नाही असे सर्वांनी बजावले होते. परतीच्या रात्री वरच्या मजल्यावर बसून आम्ही पुष्कळ वेळ तारे पाहिले. दिव्यांच्या झगमगाटामुळे ते चिखलदऱ्याइतके स्पष्ट दिसत नव्हते, हे वऱ्हाडी अभिमानाने नमूद करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबई बंदर आले. उतरताना तो रत्नागिरीकडचा मुलगा शिडीजवळ भेटला, वाकून पाया पडला. आमची अमरावतीची गाडी सायंकाळची होती. मी विचार केला, की दिवस मोकळा आहे, दादरला जाऊन काही पुस्तके पाहावीत. टॅक्सीत बसलो, आणि मी काही बोलण्यापूर्वीच पत्नीने विचारले, "अहो, भाऊचा धक्का इथून किती लांब?"

"असेल पंधरा-वीस मिनिटांवर."

"रेवसची लाँच मिळेल का आता?"

मी तिच्याकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती. मी चालकास भाऊच्या धक्क्याकडे घ्यावयास सांगितले.

आदल्या रात्रीच्या राजवाड्यानंतर ती लाँच म्हणजे खेळणेच. बाके, टोपल्या, दोन-तीन फटफट्या, आणि शाळेस सुटी लागल्याप्रमाणे गजबजलेली माणसे. पत्नीने प्रथम तरंगती जाकिटे कोठे आहेत ते पाहिले, मग आत पाऊल ठेवले. इंजिनाचा धडधडाट सुरू झाला. येथे पंख नव्हते. लाट येई तशी लाँच उचलली जाई, आणि आता मला खरोखरच लिंबाची आठवण झाली. ती मात्र कडेच्या बाकावर ताठ बसून होती, नारळ मांडीवर. निम्मी वाट गेल्यावर तिने जवळच्या खलाशास काशाचा खडक कोणता ते विचारले. त्याने हात करून दाखविले. ती तिकडे पाहत राहिली, दिसेनासा होईपर्यंत. तिने हात जोडले की नाही, ते मी पाहिले नाही. मी मुद्दामच दुसरीकडे पाहत होतो.

रेवसहून रिक्षाने आम्ही तिच्या घरी पोहोचलो. तिचे चुलतबंधू ओसरीवर सुपाऱ्या सोलीत बसले होते. अचानक आम्हांस पाहून ते उठले. "अरे, न कळवता? पनवेलवरून आलात ना? केव्हा निघालात?"

"लाँचने आलो, दादा," ती म्हणाली.

दादांनी काही उत्तर दिले नाही. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग तिच्या हातातील रुमालाची पुरचुंडी त्यांनी घेतली, सोडली, नारळ पाहिला, आणि आत जाऊन कोयता घेऊन आले. ज्या ओसरीवर म्हातारी बसत असे तिच्या पायरीवर त्यांनी तो फोडला.

त्या सायंकाळची अमरावतीची गाडी आमच्यावाचूनच गेली.